उपाध्यक्षांच्या गाडीत बसा

गाडी झकास आहे. लांबलचक कॅडिलॅक, अमेरिकेच्या उपाध्यक्षांची सरकारी गाडी. मागचं आसन इतकं मऊ की बसल्या बसल्या डोळा लागावा. 1960 च्या दशकाची सुरुवात आहे. वॉशिंग्टनमधलं अधिवेशन संपलंय आणि लिंडन जॉन्सन यांचं बिऱ्हाड टेक्सासला निघालंय. साहेब विमानानं गेले. गाडी मात्र रस्त्यानं न्यायची, सुमारे अडीच हजार किलोमीटर. स्टिअरिंगवर जीन विल्यम्स आहेत, शेजारी त्यांच्या पत्नी हेलन, आणि तुमच्या बाजूला झेफर राइट, जॉन्सन कुटुंबाचा स्वयंपाक गेली वीसएक वर्षं सांभाळणाऱ्या. आपण त्यांना राइटबाई म्हणू. तिघंही काळे आहेत. या प्रवासापुरते तुम्हीसुद्धा.

आपण भारतीय, आपल्याला कोण हटकणार, असं मनात आलं असेल तर ते आत्ताच काढून टाका. 1955 मध्ये भारताचे राजदूत गगनविहारी मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावर जेवायला बसले होते. त्यांना तिथून उठून वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं गेलं. पुढे अमेरिकी सरकारनं माफी मागितली. राजदूताला उठवलं, तिथे तुमचा काय पाड?

चला, निघालो. व्हर्जिनिया ओलांडेपर्यंत गप्पा रंगतात. मग हवा जड होत जाते. पाइनच्या झाडांचा डिंकासारखा वास, तापलेल्या डांबराचा वास, लाल मातीचा धुरळा. पुढे कापसाची शेतं लागतात, बोंडं फुटून पांढरीफेक झालेली. खांद्यावरून लांब पोतं ओढत, कमरेत वाकून माणसं कापूस वेचताहेत. लहान मुलंही आहेत त्यात. कुणी मान वर करून गाडीकडे बघतं आणि पुन्हा खाली वाकतं.

भूक लागली? साहजिक आहे. काळी कुटुंबं लांबच्या प्रवासाला निघतात तेव्हा बुटांच्या रिकाम्या खोक्यात शिदोरी भरून घेतात. तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचे तुकडे. खोक्याच्या पुठ्ठ्याला तुपकट डाग पडलेले असतात आणि झाकण उघडलं की मिरपुडीचा घमघमाट गाडीभर पसरतो. पण शिदोरी पहिल्या दिवशीच संपते. आता पोटात कावळे ओरडताहेत आणि रस्त्याच्या कडेला एक झकपक हॉटेल दिसतंय. काचेच्या आत पंखे फिरताहेत, पोरं आइस्क्रीम खाताहेत, कॉफीचा वास थेट रस्त्यापर्यंत येतोय. गाडीचा वेग कमी होत नाही. जीन तिकडे बघतही नाहीत. बघून काय करायचं?

गावाच्या कडेला काळ्यांची वस्ती लागते तेव्हा कुठे गाडी थांबते. लाकडी फळ्यांचं किराणा दुकान, दाराशी पेंगणारं कुत्रं. काय मिळेल? डब्यातले छोटे सॉसेज, डब्यातल्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या बिया आणि प्लॅस्टिकचा चमचा. खा. गार, मिठाळ, बुळबुळीत. उपाध्यक्षांच्या गाडीत बसून, पेपर नॅपकिन मांडीवर पसरून खा. शेजारी बसलेल्या बाई त्या घरात अशी मिरची घातलेली रस्सेदार चिली रांधतात की पाहुणे कृती मागून मागून थकत नाहीत. शेवटी जॉन्सनबाईंनी त्या कृतीची कार्डंच छापून घेतली. त्यात लसूण असतो, कांदा असतो, आणि जिरंही असतं, त्यामुळे वास तुम्हाला ओळखीचा वाटला असता. आज मात्र तो हात डब्यातला सॉसेज चमच्यानं कापतोय.

आता पाणी. पेट्रोलपंपावर दोन नळ आहेत. एक थंड यंत्राचा, पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्याचा. वर पाटी, गोऱ्यांसाठी. दुसरा भिंतीला ठोकलेला, गंजका, खाली शेवाळ. वर पाटी, रंगीतांसाठी. यंत्रातून येणाऱ्या गार पाण्याची झुळझुळ तुमच्या कानांना ऐकू येते. घसा कोरडा पडलाय. ज्यांच्या घरात महाडच्या चवदार तळ्याची आठवण पिढ्यानपिढ्या सांगितली जाते, त्यांना या क्षणी छातीत काय होतं हे मी सांगायला नको. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी 1946 मध्ये काळ्यांचे मोठे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना मुद्दाम पत्र लिहिलं होतं. दोन्हीकडच्या दुःखाचं साम्य त्यांना केव्हाच दिसलं होतं. गंजक्या नळाचं पाणी प्या. कोमट आहे, लोखंडाची चव आहे. प्यायलात? बसा गाडीत.

आणि आता ते, ज्याबद्दल चारचौघांत बोलायची आपल्याला सवय नाही. पंपावर पेट्रोल मिळतं. पैसे हसत घेतले जातात. पण स्वच्छतागृहाच्या दाराला तुमच्यासाठी कुलूप आहे. पुढच्या पंपावरही. त्याच्या पुढच्याही. पोटात कळ येते, तुम्ही मांड्या आवळून बसता, प्रत्येक खड्ड्याला जीव कासावीस होतो. शेवटी गाडी आडवाटेला वळते, झुडपांपाशी थांबते. दार उघडताच उन्हाची झळ तोंडावर आपटते. गवतात किडे किर्र करताहेत. बायका उतरतात. साडी नाही, लुगडं नाही, घट्ट झगा आणि पायात मोजे. कुणी येत नाही ना, म्हणून एकजण रस्त्याकडे तोंड करून उभं राहतं. अमेरिकेच्या उपाध्यक्षांच्या स्वयंपाकघराची मालकीण रस्त्याच्या कडेला आडोसा शोधते. तुम्ही दुसरीकडे बघा. सगळे दुसरीकडेच बघताहेत.

परत आल्यावर हात धुवायलाही पाणी नाही.

रात्र होते. मोटेलांच्या निऑन पाट्या पेटतात, जांभळ्या, लाल. खोल्या रिकाम्या आहेत, असं त्या पाट्या झगमगत सांगताहेत. त्यांच्याभोवती पाखरं घोंघावताहेत. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरिनचा वास येतो, बर्फाचे खडे पेल्यात पडल्याचा आवाज येतो. तुमची पाठ मोडून आलीय. जीन यांचे डोळे चुरचुरताहेत, पण पाय ॲक्सिलरेटरवरच आहे. हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमननं 1936 मध्ये एक पुस्तिका काढली होती, ‘ग्रीन बुक’. कुठल्या गावात काळ्या माणसाला खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे केशकर्तन, त्याची यादी. ती दरवर्षी नवी निघते आणि काळ्या घरांत गाडीच्या कप्प्यात नकाशाशेजारी असते. पण ग्रीन बुकमधलं पुढचं गाव अजून दोन तासांवर असेल तर काय कराल? जाल. काही गावांत तर सूर्य मावळल्यावर काळ्या माणसानं दिसायचंच नाही असा दंडक आहे. नवीकोरी गाडी असणारे काळे पुरुष ड्रायव्हरची टोपी जवळ ठेवतात. पोलिसानं अडवलं तर म्हणायचं, गाडी साहेबांची आहे. आपली गाडी तर खरोखरच साहेबांची आहे. त्यानं रात्रीची खोली मिळत नाही.

या जीन विल्यम्स यांची एक हकिकत तुम्हाला ठाऊक असायला हवी. जॉन्सन सेनेटर असताना त्यांनी एकदा आपलं लाडकं बीगल कुत्रंही गाडीतून टेक्सासला न्यायला सांगितलं. जीन घुटमळले. जॉन्सन यांना कळेना, कुत्र्याचा काय त्रास? तेव्हा जीन यांनी सांगितलं की जेवायला थांबता येत नाही, हात धुवायला जागा नाही, रात्री झोपायला छप्पर नाही. काळ्या माणसाला स्वतःलाच दक्षिण ओलांडणं जड जातं, त्यात कुत्रं कुठे सांभाळू? जॉन्सन यांच्यापाशी उत्तर नव्हतं. पुढे ते स्वतःच ही गोष्ट सांगत राहिले.

आता गाडीतून उतरा. आपण नोव्हेंबर 1963 मध्ये आहोत. डॅलसमध्ये केनेडींची हत्या झालीय आणि काल-परवापर्यंत उपाध्यक्ष असलेला हा माणूस राष्ट्राध्यक्ष झालाय. रात्र बरीच झालीय. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या घरी टेबलाभोवती सल्लागार बसलेत. सिगारेटचा धूर, कॉफीचे कप, खोडलेले-लिहिलेले कागद. संसदेपुढच्या पहिल्या भाषणात काय बोलायचं? हॉटेलं, मोटेलं अशा जागी काळ्यांना मज्जाव करणं बंद व्हावं म्हणून नागरी हक्कांचं विधेयक केनेडींनी मांडलंय, पण ते अडकून पडलंय. कुणीतरी समजुतीनं सांगतं, हरलेल्या लढाईत नव्या अध्यक्षांनी आपलं वजन खर्ची घालू नये. जॉन्सन म्हणतात, मग हे अध्यक्षपद आहे तरी कशासाठी? त्या वेळी हजर असलेल्या एब फोर्टस यांनी ही आठवण सांगून ठेवली आहे.

दोनेक दिवसांत तुम्ही संसदेच्या प्रेक्षक कक्षात दाटीवाटीनं बसलेले असता. खाली भरगच्च सभागृह, काळे सूट. संथ टेक्सासी आवाजात नवे अध्यक्ष म्हणतात की केनेडींच्या स्मृतीला खरी आदरांजली एकच, हे विधेयक लवकरात लवकर मंजूर करणं. टाळ्यांचा गडगडाट होतो. दक्षिणेच्या सदस्यांच्या बाकांकडे बघा. तिथले हात हलत नाहीत.

त्यांना धक्का बसलाय, कारण हा त्यांच्यातलाच माणूस. त्यांचे पुढारी, जॉर्जियाचे सेनेटर रिचर्ड रसेल, यांनीच जॉन्सन यांना हाताला धरून सेनेटचं राजकारण शिकवलं. संसदेतल्या पहिल्या वीस वर्षांत जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाला विरोध केला होता. बोलण्यातही ते काळ्यांविषयी घाणेरडे शब्द सहज वापरत. हे लपवण्याजोगं नाही आणि मी लपवणार नाही. पण आणखी मागं, 1928 मध्ये, विशीतला हाच तरुण टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवत होता. ती मुलं उपाशीपोटी वर्गात यायची, आणि लोक आपला तिरस्कार का करतात हे न कळून गप्प बसायची. ते चेहरे त्यांच्या मनातून गेले नव्हते. हातात सत्ता नव्हती तोवर त्यांनी ते चेहरे आत दडवून ठेवले. सत्ता आल्यावर बाहेर काढले. दडवण्याचा दोष त्यांचाच, आणि बाहेर काढण्याचं श्रेयही त्यांचंच, असं मला वाटतं.

अध्यक्षांच्या कार्यालयात या. टेलिफोन आधी दिसेल. टेबलावर टेलिफोन, खोलीखोलीत टेलिफोन, थेट न्हाणीघरातसुद्धा. दूरचित्रवाणीचे तीन संच एकाच वेळी चालू आहेत, वृत्तसंस्थांची यंत्रं खडखडत कागद ओकताहेत, आणि मध्ये सहा फूट तीन इंचांचा हा गडी रिसीव्हर कानाला लावून बोलतोय, बोलतोय, बोलतोय. कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे रॉय विल्किन्स, मार्टिन ल्यूथर किंग, कामगार पुढारी, ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या कॅथरीन ग्रॅहम. कुणाला लाडीगोडी, कुणाला दम. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ नियम समितीत विधेयकावर ठाण मांडून बसलेत, तर सदस्यांच्या सह्या गोळा करून ते बाहेर खेचायचं, वर्तमानपत्रांनी सह्या न करणाऱ्यांना उघडं पाडायचं. हे सगळं या फोनांवर ठरतंय. 1964 च्या फेब्रुवारीत प्रतिनिधीगृह 290 विरुद्ध 130 मतांनी विधेयक मंजूर करतं. खरी खिंड पुढे आहे, सेनेटची.

म्हणून क्षणभर सेनेटर व्हा. दारात जॉन्सन तुम्हाला गाठतात. आधी हात खांद्यावर पडतो, मग कोटाची कॉलर धरली जाते. चेहरा इतका जवळ येतो की त्यांचा श्वास तुमच्या गालाला लागतो. तुम्ही मागे सरता, पाठ भिंतीला टेकते, ते आणखी पुढे वाकतात. हसतात, कुरवाळतात, डोळे वटारतात, तुमच्या मतदारसंघातल्या धरणाची आठवण काढतात. आणि मग आवाज खाली आणून सांगतात, आमची झेफर राइट तुमच्या राज्यातून जाते ना, तेव्हा तिला लघवीला रस्त्याच्या कडेला बसावं लागतं. मिसिसिपीचे सेनेटर जॉन स्टेनिस यांना त्यांनी हे तोंडावर सांगितलं होतं. त्या आडवाटेवर तुम्ही मघाशी उभे होतात. आकडेवारीला उत्तर देता येतं, कलमांना उपकलमं लावता येतात. या वाक्याला काय उत्तर देणार?

रसेल यांनाही त्यांनी आधीच बजावलं, की या वेळी तुम्ही माझ्या वाटेतून बाजूला व्हा, नाहीतर मला तुमच्यावरून जावं लागेल. गुरूला असं सांगताना आवाज चढलेला नव्हता म्हणतात.

सेनेटच्या सज्जात आता वातानुकूलित गारवा आहे. खाली महोगनीची जुनी मेजं, त्यांच्यापाशी पितळी पिकदाण्या अजून ठेवलेल्या. आणि भाषण चालू आहे. काय विषय आहे विचारू नका, कारण विषय संपून तास उलटले. याला इथे फिलिबस्टर म्हणतात: बोलायला उभं राहायचं आणि बसायचंच नाही, म्हणजे मतदान होत नाही. मार्चच्या अखेरीस सुरू झालेलं हे चऱ्हाट एप्रिल गेला, मे गेला तरी वळलं जातंय. तुमचे डोळे मिटू लागतात. शेजारची काळी म्हातारी मात्र ताठ बसलीय, हॅट घालून, हातमोजे चढवून, मांडीवर पर्स घट्ट धरून. टाळी वाजवली तर सज्जाबाहेर काढतात, म्हणून ती फक्त बघते. प्रत्येक शब्द ऐकते.

पाय मोकळे करायला बाहेर आलात तो मार्चमधला दिवस असेल, तर कॉरिडॉरमध्ये कॅमेऱ्यांचे दिवे फुटताना दिसतील. मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स हात मिळवताहेत. दोघंही हीच चर्चा ऐकायला आले होते. मिनिटभराची गाठ. ती पहिली आणि शेवटची. आणि रात्री लिंकन स्मारकापाशी गेलात तर कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी पाळीपाळीनं उभे दिसतील. एप्रिलपासून ते अखंड जागर करताहेत. पावसात कोट भिजून जड होतात, पहाटे थंडीनं बोटं आखडतात. पाळी बदलते, प्रार्थना थांबत नाही.

चर्चा बंद करायला तेव्हा दोन तृतीयांश मतं लागत, म्हणजे 67. जॉन्सन यांच्या पक्षाच्या दक्षिणी सेनेटरांनी तर पाठ फिरवलेली. मतं विरोधी पक्षाकडूनच आणावी लागणार, आणि त्याची किल्ली त्या पक्षाचे सेनेटमधले नेते एव्हरेट डर्कसन यांच्याकडे. विस्कटलेले पांढरे केस, ऑर्गनसारखा घुमणारा आवाज, आणि झेंडूचं वेड! झेंडू हे अमेरिकेचं राष्ट्रीय फूल व्हावं म्हणून हे गृहस्थ सेनेटमध्ये झटायचे. सेनेटमध्ये विधेयकाची धुरा वाहणाऱ्या ह्युबर्ट हम्फ्री यांना जॉन्सन यांनी सांगून ठेवलंय की डर्कसनबरोबर बसा, त्यांच्याबरोबर प्या, त्यांचं ऐका, सगळं श्रेय त्यांना जाऊ द्या. आणि स्वतः अध्यक्ष मागे राहिले. ज्या माणसाला प्रत्येक फोटोत मध्यभागी उभं राहायची हौस, त्यानं या एका कामात दुसऱ्याला पुढे केलं. मला तर त्यांच्या साऱ्या दमदाटीपेक्षा हे अवघड वाटतं.

10 जून 1964. सज्जात पाऊल ठेवायला जागा नाही. पायऱ्यांवर माणसं बसलीत. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड रात्रभर बोलत होते, 14 तास 13 मिनिटं. सकाळी आत्ता कुठे थांबलेत. डर्कसन बोलतात, थकलेले, खोल गेलेला आवाज. मग एकेक नाव पुकारलं जातं. शंभर नावं. पेन्सिलींची कुरकुर ऐकू येते, कारण सज्जातला प्रत्येक माणूस कागदावर खुणा करतोय.

“मिस्टर एंगल.” उत्तर नाही. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीत आहेत, मेंदूत गाठ झालीय, वाचा गेलीय. पुन्हा नाव पुकारतात. ते हात उचलायचा प्रयत्न करतात. हात थरथरत वर येतो आणि बोट डोळ्याकडे जातं. इंग्रजीत होकाराचा ‘आय’ आणि डोळ्याचा ‘आय’ कानाला सारखाच. मत नोंदवलं जातं. शेजारच्या म्हातारीनं तोंडावर हातमोजा दाबून धरलाय. तुमच्याही घशात आवंढा आलाय, येऊ द्या. सात आठवड्यांनी एंगल वारले.

डेलावेअरच्या जॉन विल्यम्स यांचं नाव येतं आणि 67 वं मत पडतं. शेवटी मोजणी होते 71 विरुद्ध 29. नागरी हक्कांच्या विधेयकावरचं फिलिबस्टर सेनेटनं असं मोडून काढण्याची ही पहिलीच वेळ. सज्जात शिस्त पाळायची असते. तरीही एक लांब निःश्वास सगळीकडून एकदम सुटतो.

हे सगळं अध्यक्षांनी केलं असा समज मात्र करून घेऊ नका. त्याच आठवड्यात फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला चला. एका मोटेलच्या उपाहारगृहात जेवण मागितलं म्हणून किंग यांना 11 जूनला अटक झालीय. आठवडाभरानं त्याच मोटेलच्या तलावात काळी आणि गोरी माणसं एकत्र उतरलीत. पाणी निळंशार, ऊन डोळ्यात खुपणारं. काठावरून व्यवस्थापक ॲसिड ओततोय. तीव्र वास नाकात झिणझिणतो, पोरी किंचाळतात, कुणी कुणाला घट्ट धरतं, पण बाहेर यायचं नाही असं ठरलंय. तो फोटो दुसऱ्या दिवशी जगभर गेला, आणि त्याच दिवशी सेनेटनं विधेयकावर शेवटची मोहोर उठवली, 73 विरुद्ध 27. ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहात 1960 मध्ये कॉफी मागून बसून राहिलेले चार विद्यार्थी, बर्मिंगहॅममध्ये बंबाच्या पाण्याच्या माऱ्यानं भिंतीवर आपटलेली शाळकरी मुलं, यांनी दार धडकून धडकून खिळखिळं केलं होतं. जॉन्सन आतल्या बाजूला होते. त्यांनी आतून कडी काढली. बाहेरच्यांनी रक्त सांडलं नसतं तर कडीला हात लावायची वेळच आली नसती, आणि आतल्यानं ती धरून ठेवली असती तर आणखी किती रक्त सांडलं असतं ते सांगता येत नाही.

2 जुलैची संध्याकाळ. व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये तीन प्रचंड झुंबरं लखलखताहेत, पण त्यांच्यापेक्षा दूरचित्रवाणीच्या दिव्यांचा उजेड प्रखर आहे. खोली तापलीय. मानेवरून घाम ओघळतोय, कडक इस्त्रीच्या कॉलरी ओल्या झाल्यात. सेनेटर, पाद्री, कामगार पुढारी, किंग, सगळे खांद्याला खांदा लावून. जॉन्सन बसतात. समोर पेनांची रांग, सत्तरहून अधिक. एका पेनानं अक्षराचा जेमतेम एक फराटा, मग दुसरं पेन. प्रत्येक पेन कुणाच्या तरी हाती जाणार आहे. माणसं टेबलाभोवती इतकी दाटलीत की तुम्हाला टाचा उंचावून बघावं लागतं. एक पेन किंग यांना मिळतं. एक डर्कसन यांना, एक हम्फ्री यांना.

आणि एक राइटबाईंना. यावर तुमच्याइतका हक्क कुणाचाच नाही, अशा अर्थाचं काहीतरी अध्यक्ष म्हणाले. आडवाटेच्या झुडपांपाशी ज्या बाईकडे तुम्ही पाठ केली होती, तिच्याकडे आता सरळ बघा.

त्या रात्री सगळं गोड झालं नव्हतं. मिसिसिपीत जून महिन्यात नाहीसे झालेले तीन तरुण कार्यकर्ते अजून सापडले नव्हते. नौदलाचे खलाशी दलदल तुडवत होते. ऑगस्टमध्ये मातीच्या बांधाखाली त्यांचे मृतदेह मिळाले. दक्षिण आपल्या पक्षाच्या हातून दीर्घकाळासाठी गेली, असं जॉन्सन त्याच रात्री खिन्नपणे म्हणाल्याचं त्यांचे सहायक बिल मॉयर्स यांनी पुढे सांगितलं. आणि व्हिएतनाम. त्या युद्धातली त्यांची जबाबदारी या सहीनं पुसली जात नाही, पुसू नये.

तरीही 3 जुलैची सकाळ बघून घ्या. कॅन्सस सिटीतल्या एका बड्या हॉटेलात केशकर्तनालय आहे. पावडरचा, साबणाच्या फेसाचा, तेलाचा वास. आदल्या दिवशी इथून परत पाठवलेला 13 वर्षांचा काळा मुलगा पुन्हा आलाय. खुर्चीवर चढतो. गळ्याभोवती पांढरं कापड येतं. कात्री चालू लागते, कचकच, आणि केस फरशीवर पडतात. बस, एवढंच. त्याच दिवशी अटलांटात एका उपाहारगृहाच्या मालकानं कुऱ्हाडीचे दांडे घेऊन काळ्या गिऱ्हाइकांना हुसकलं. 216 खोल्यांचं एक मोटेल तर खोल्या द्यायच्या नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरात न्यायालयानं एकमतानं सांगितलं, खोल्या द्याव्याच लागतील.

आता आजच्या काळात परत या, आणि हा कायदा तुमच्या घरापर्यंत कसा आला ते ऐका. ज्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत हा कायदा झाला, त्यांच्याच कारकिर्दीत पुढच्या वर्षी मतदानाच्या हक्काचं रक्षण करणारा कायदा झाला. त्यानंतर 3 ऑक्टोबर 1965 ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. तोवर भारताचा वार्षिक कोटा होता 100 माणसांचा. आज न्यू जर्सीत गणपती बसवणारी, ह्यूस्टनमध्ये मराठी शाळा चालवणारी माणसं त्या दारातून आत गेली आहेत. त्यांनी कधी रस्त्याच्या कडेला आडोसा शोधला नाही, कारण त्यांच्या आधी तो कुणीतरी शोधला होता.

तुमची मुलं तिकडे असतील, तुम्ही त्यांच्याकडे जात असाल, तर नायगारा बघा, डिस्ने बघा, पण एक दिवस राखून ठेवा. ग्रीन्सबरोला ते उपाहारगृह आता संग्रहालय आहे, मेम्फिसला किंग यांची हत्या झाली ते लॉरेन मोटेलही. ऑस्टिनला जॉन्सन यांच्या ग्रंथालयात त्यांच्या फोनांच्या ध्वनिफिती जपलेल्या आहेत. नातवंडांना शेजारी बसवा, आणि ते फोन ऐका.